‘मॅडम, झेड उघडत नाही’: नव्या पीसीवरून जुना सर्व्हर गाठताना

दसऱ्याला आमच्या शॉपमध्ये मशीनची पूजा असते. २०२५ च्या दसऱ्याला व्हीएमसी, लेथ, कंप्रेसर यांच्या रांगेत नवे तीन पीसीही मांडले होते. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबरला संपणार म्हणून शेठनी एकदाचे पैसे सोडले होते. झेंडूचे हार झाले, पेढे झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला डिझाइनच्या पोराचा फोन: “मॅडम, झेड उघडत नाही.”

मी नाशिकच्या अंबडला, गरवारे पॉइंटच्या आतल्या बाजूला, जॉबवर्क करणाऱ्या एका कारखान्यात अकाउंट्स बघते. आयटी माझ्या पगारात नाही. राउटरचा पासवर्ड मला पाठ आहे, एवढ्यावरून ते काम माझ्या गळ्यात पडलं. झेड म्हणजे जिन्याखालच्या करड्या टॉवरमधलं फोल्डर. त्या टॉवरवर विंडोज सर्व्हर २००३ आहे आणि मागच्या पॅरलल पोर्टला एक डोंगल आहे, म्हणजे सॉफ्टवेअरची किल्ली असलेला छोटा प्लग. त्या डोंगलवर चालणारं सॉफ्टवेअर दोन जुन्या सीएनसी मशीनना प्रोग्राम पाठवतं. डोंगल निघालं की मशीन थांबतात. सॉफ्टवेअर देणारे आता फोनही उचलत नाहीत. तेव्हा “मॅडम, सर्व्हरच बदला ना” हा सल्ला मला हजार वेळा मिळालेला आहे, कृपया तुम्ही देऊ नका.

त्या आठवड्यात मी जे शिकले ते लिहून ठेवतेय. कमांड मी फोनवर सांगते तशाच इथे लिहिल्या आहेत. टाइप अर्थात इंग्रजीत करायच्या.

सगळ्यात आधी स्क्रीनवरच्या मेसेजचा फोटो काढा. ‘उघडत नाही’ यावरून काहीच कळत नाही. आमच्याकडे तीन पीसी, तिघांचं ‘उघडत नाही’, आणि तिन्हीकडे मेसेज वेगळा. एकावर कोडच्या शेवटी ८००७००३५ होतं, म्हणजे नेटवर्कचा रस्ताच सापडला नाही. दुसऱ्यावर स्वच्छ लिहिलं होतं की हे शेअर असुरक्षित आहे, त्याला जुना एसएमबी १ (विंडोजची फाइल देण्याघेण्याची जुनी पद्धत) लागतो. तिसऱ्यावर, म्हणजे ड्रॉइंग ठेवायच्या डब्याच्या (नेटवर्कवरच्या डिस्कपेटीच्या) बाबतीत, ‘तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणानुसार गेस्ट, म्हणजे बिनपासवर्डचा, प्रवेश बंद आहे’ अशा अर्थाचं. आमची कसली आलीय संस्था आणि कसलं धोरण! पण ते वाक्य वाचलं असतं तर माझे दोन दिवस वाचले असते.

वाचलं नाही, कारण आम्ही घाईत एका ओळखीच्या टेक्निशियनला बोलावलं. त्याने अर्ध्या तासात तिन्ही पीसीवर एसएमबी १ चालू केलं, तिन्हीचं फायरवॉल (बाहेरून येणाऱ्याला अडवणारं कुंपण) बंद केलं आणि बिल देऊन गेला. दोन पीसीवर झेड उघडला, क्वालिटीच्या पीसीवर नाही. डबा कुठेच नाही. मग मी चहा सांगितला आणि पहिल्यापासून बघायला बसले.

सुरुवात रस्त्यापासून. सर्व्हर आणि पीसी एकाच आळीत राहतात का? दोन्हीकडे कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग मारा. आमच्या सर्व्हरचा पत्ता १९२.१६८.०.१०. क्वालिटीच्या पीसीचा निघाला १९२.१६८.१.२३. तिसरा आकडा बघा: एकीकडे शून्य, एकीकडे एक. झालं असं की पावसाळ्यात फायबरची लाइन आली, तेव्हा नवा राउटर बसला आणि जुना तसाच स्विचला राहिला. केबलवरचे पीसी जुन्याकडून पत्ता घेत होते, वायफायवरचे नव्याकडून. जुने लॅपटॉप इंटरनेटपुरतेच वायफायवर होते, म्हणून इतके महिने कोणाच्या लक्षात आलं नाही. क्वालिटीचा नवा पीसी मात्र केबल आखूड पडली म्हणून वायफायवर टाकला होता. एसएमबी १ काय, एसएमबी १०० चालू केलं असतं तरी तो पीसी सर्व्हरला भेटला नसता.

यात एक खोच आहे. अशा वेळी काहीजण दोन नेटवर्क राउटिंगने जोडतात. पिंगला, म्हणजे सर्व्हरला मारलेल्या हाकेला, उत्तर येतं, तरी शेअर उघडत नाही. कारण एक्सपी आणि २००३ च्या काळातल्या विंडोज फायरवॉलमध्ये फाइल शेअरिंगची सवलत मुळात ‘फक्त आपल्या सबनेटला’ दिलेली असते. पलीकडच्या आळीतला पाहुणा तिला चालत नाही. मी सोपा मार्ग घेतला. नव्या राउटरचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.०.१ केला, त्याला १०० ते २०० एवढेच पत्ते वाटायला सांगितलं, आणि जुना राउटर काढून कपाटात टाकला. सर्व्हरचा १० हा पत्ता वाटपाच्या बाहेर राहिला हे महत्त्वाचं. नाहीतर एखाद्या दिवशी कोणाच्या तरी मोबाइलला १० नंबर मिळतो आणि झेड दुपारी जेवणाच्या सुट्टीतच जातो. हे नाटकही आम्ही पूर्वी बघितलेलं आहे.

आता नाव. बरेच जण ‘नेटवर्क’ची खिडकी उघडतात, तिथे सर्व्हर दिसत नाही, म्हणून सर्व्हर बंद आहे असं समजतात. ती यादी पूर्वी कॉम्प्युटर ब्राउझर नावाची सर्व्हिस बनवायची, आणि ती एसएमबी १ वर उभी होती. एसएमबी १ गेलं, यादी गेली. सर्व्हर जागेवरच असतो. खिडकीत शोधत बसू नका. एक्सप्लोररच्या पट्टीत दोन उलटे स्लॅश देऊन थेट आयपी, म्हणजे तो आकड्यांचा पत्ता, टाका. आयपीने उघडलं आणि नावाने उघडत नसेल, तर भानगड फक्त नावाची आहे. विंडोज, सिस्टम ३२, ड्रायव्हर्स, ईटीसी या फोल्डरात होस्ट्स नावाची फाइल असते. नोटपॅड ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडून तिच्यात आयपी, जागा आणि सर्व्हरचं नाव एवढी एक ओळ घाला. कारखान्यातल्या चौदा पीसीवर चौदा वेळा करायला लागलं, पण पुन्हा बघावं लागलं नाही.

त्यानंतर दार, म्हणजे फाइल शेअरिंगचा ४४५ नंबरचा पोर्ट. पॉवरशेलमध्ये: टेस्ट, डॅश, नेटकनेक्शन, जागा, सर्व्हरचा आयपी, जागा, डॅश पोर्ट, जागा, ४४५. शेवटच्या ओळीत ट्रू आलं तर दार उघडं आहे. फॉल्स आलं तर सर्व्हरवरचं फायरवॉल बघा, आणि नुसत्या पिंगवर भरवसा ठेवू नका. पिंगला गप्प बसणारा सर्व्हरही फाइल देत असतो, आणि पिंगला टुणटुण उत्तर देणाऱ्याचं ४४५ बंद असू शकतं. नव्या पीसीचं फायरवॉल बंद करून यात काही साधत नाही. पीसी बाहेर जातोय, आत कोणी येत नाहीये. टेक्निशियनने बंद केलेली तिन्ही फायरवॉल मी तिथल्या तिथे चालू केली, झेडला काडीचाही फरक पडला नाही.

रस्ता आहे, दार उघडं आहे, तरी आत घेत नाहीत, तर प्रश्न भाषेचा. ही जागा नीट समजून घ्या, कारण सगळा घोळ इथेच होतो.

विंडोज फाइल देते-घेते ती एसएमबी नावाच्या भाषेत. सर्व्हर २००३ आणि एक्सपीला तिची पहिली आवृत्तीच येते. व्हिस्टा आणि सर्व्हर २००८ पासून दुसरी आली, विंडोज ८ आणि सर्व्हर २०१२ पासून तिसरी. विंडोज १० च्या २०१७ मधल्या १७०९ आवृत्तीपासून नव्याने टाकलेल्या विंडोजमध्ये पहिली भाषा मुळात बसवलेलीच नसते. त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय जगभर पसरला तो एसएमबी १ मधल्या भोकातून. त्यामुळे मायक्रोसॉफ्ट चिडलेलं आहे आणि त्यात चूक काही नाही.

यातून निघणारी पहिली गोष्ट: तुमचा सर्व्हर २००८ किंवा त्यानंतरचा असेल, तर एसएमबी १ ला हातही लावू नका. त्याला दुसरी भाषा येते. त्याचा सपोर्ट संपला असेल, पण नवा पीसी त्याच्याशी बोलू शकतो. सातपूरच्या एका ओळखीच्या युनिटमध्ये २००८ आर टू होता. तिथे सर्व पीसीवर एसएमबी १ चालू करून ठेवलं होतं, आणि खरा दोष पासवर्डचा होता.

२००३ असेल तर मात्र दुसरा इलाज नाही, निदान एका पीसीवर तरी. आधी सर्व्हरकडे जा आणि केबी ४०१२५९८ हा पॅच बसलाय का ते बघा. २००३ चा सपोर्ट जुलै २०१५ ला संपलेला असूनही मायक्रोसॉफ्टने वॉनाक्रायनंतर तो त्याच्यासाठी काढला होता. मग पीसीवर कंट्रोल पॅनेल, प्रोग्रॅम्स, ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’. तिथे एसएमबी १.० ची ओळ सापडेल; तिच्या डाव्या अंगाचं अधिकचं चिन्ह दाबलं की तीन चौकोन उघडतात. ‘क्लायंट’ला टिक करा. ‘सर्व्हर’ला करू नका: आपल्याला जुन्या टॉवरकडे जायचंय, टॉवरला आपल्याकडे आणायचं नाही. आणि ‘ऑटोमॅटिक रिमूव्हल’ची टिक काढा.

त्या टेक्निशियनने वरच्या ओळीलाच टिक केली होती, म्हणजे तिन्ही चौकोन एकदम. परिणाम दिवाळीनंतर दिसला. क्वालिटीचा पीसी रोज चालू असायचा, पण तिथे झेड क्वचितच कोणी उघडायचं. एक दिवस उघडायला गेले तर पुन्हा तोच एसएमबी १ चा मेसेज. कोणी काढलं म्हणून आम्ही एकमेकांकडे संशयाने बघत होतो. कोणी काढलं नव्हतं. चालू पीसीवर एसएमबी १ एकूण पंधरा दिवस वापरलं गेलं नाही, तर विंडोज ते आपणहून काढून टाकते. पीसी बंद असलेले दिवस त्यात मोजत नाहीत. ‘परवापर्यंत चालत होतं’ ही तक्रार आली की मी आता आधी तीच टिक बघते.

एसएमबी १ बसलं तरी एक अडथळा उरू शकतो. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रो प्रकारचं विंडोज असलेला पीसी समोरच्याकडे डेटाच्या प्रत्येक पाकिटावर डिजिटल सही मागतो. चलनावर सही-शिक्का नसेल तर आमचा वॉचमन गाडी आत सोडत नाही, तसं. यूट्यूबवर सगळे सांगतात की पीसीवरची ही सक्ती काढा. मी उलट करते: जुन्याला सही करायला लावते. २००३ ला सही येते, फक्त त्याला सांगितलेलं नसतं. सर्व्हरवर अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टूल्स, लोकल सिक्युरिटी पॉलिसी, लोकल पॉलिसीज, सिक्युरिटी ऑप्शन्स. ‘मायक्रोसॉफ्ट नेटवर्क सर्व्हर’ या नावाने सुरू होणाऱ्या ओळींत ‘डिजिटली साइन’ आणि ‘इफ क्लायंट अ‍ॅग्रीज’ असं असलेली ओळ चालू करा. ‘ऑलवेज’वाली नको, नाहीतर सही न येणारी जुनी मंडळी बाहेर राहतील. मग शॉप सुटल्यावर सर्व्हर रिस्टार्ट. मशीनवर जॉब चालू असताना रिस्टार्ट केलात तर सुपरवायझर भाऊ काय म्हणतील ते मी इथे लिहू शकत नाही.

डब्याची गोष्ट याच सहीशी जोडलेली आहे. तो दोन डिस्कचा जुना नॅस, ड्रॉइंगसाठी. त्यावर सगळ्यांना पासवर्डशिवाय प्रवेश होता, म्हणजे गेस्ट. गंमत अशी की शेठच्या घरच्या लॅपटॉपवर, तो ऑफिसात आणला की, डबा उघडायचा; ऑफिसच्या कोऱ्या पीसीवर नाही. विंडोज ११ दोन्हीकडे, २४एच२ दोन्हीकडे. लॅपटॉप होम होता, पीसी प्रो. गेस्टला आणि बिनसहीच्या पाकिटांना मज्जाव प्रोमध्ये आहे, होममध्ये नाही. शेठ म्हणाले, “म्हणजे मी जास्त पैसे देऊन कमी चालणारं घेतलं?” त्यावर मी गप्प बसले.

पॉवरशेलमधून गेस्टची परवानगी परत देता येते. पण तेवढ्याने भागत नाही, आणि त्याचं कारण समजलं की पुढचं आपोआप समजतं. सहीची किल्ली लॉगिनच्या वेळी पासवर्डमधून तयार होते. गेस्टला पासवर्डच नाही, म्हणून किल्ली नाही, म्हणून सही नाही. म्हणजे गेस्ट चालवायचा तर सहीची सक्तीही काढावी लागते, आणि दोन्ही कुलुपं काढली की ड्रॉइंग कोण वाचतंय, कोण बदलतंय याचा पत्ता राहत नाही. त्यापेक्षा डब्याच्या सेटिंगमध्ये ‘ड्रॉइंग’ नावाचा एक यूजर केला, त्याला पासवर्ड दिला, गेस्ट बंद केला, फर्मवेअर (डब्याचं आतलं सॉफ्टवेअर) होतं तेवढं नवं केलं आणि तिथेच एसएमबी २ चा पर्याय दिसला तो चालू केला. वीस मिनिटांचं काम. फर्मवेअर नवं करणं पासवर्डसाठीही लागतं: फार जुने डबे एनटीएलएमच्या पहिल्या पद्धतीने पासवर्ड तपासतात, आणि २४एच२ मधून ती पद्धतच काढलेली आहे. पासवर्ड बरोबर असून ‘चुकीचा’ म्हणतो तो प्रकार बहुतेक हाच.

पासवर्डचे साधे घोळ पटकन सांगते. पीसी चालू करताना टाकता तो पिन सर्व्हरला चालत नाही. तो त्या पीसीपुरता असतो. नाव नुसतं टाकू नका, आधी सर्व्हरचं नाव, उलटा स्लॅश, मग यूजर. नाहीतर पीसी त्याला स्वतःचंच नाव जोडून पाठवतो. एकदा बरोबर बसलं की क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये साठवा, आणि तिथे जुनी चुकीची नोंद असेल तर आधी ती उडवा. ‘एकाच सर्व्हरला दोन नावांनी जोडता येत नाही’ असं आलं, तर नेट यूज, जागा, चांदणी, जागा, स्लॅश डिलीट. याने सगळे जोडलेले ड्राइव्ह सुटतात, म्हणून उघड्या फाइल आधी बंद करा.

आणि काही ठिकाणी ‘सर्व्हर’ म्हणजे खरं तर कोपऱ्यातला एक्सपी प्रोफेशनलचा पीसी असतो. तिथे एका वेळी दहाच खुर्च्या. अकराव्याला जागा नाही, मग तो पीसी नवा असो की जुना. विंडोज ७ असेल तर वीस.

एवढं करून आमचं चालू झालं. पण चौदाही पीसीवर एसएमबी १ ठेवायचं मला पटेना. म्हणून मधे एक दलाल बसवला. तीनपैकी माझ्या टेबलावरच्या पीसीत दुसरं नेटवर्क कार्ड टाकलं आणि त्यातून एक केबल थेट टॉवरला, स्विच मधे नाहीच. त्या केबलवर वेगळी आळी, १९२.१६८.५०, आणि टॉवरच्या सेटिंगमधलं गेटवे कोरं. त्यामुळे टॉवरला इंटरनेटचा रस्ताच उरला नाही. एसएमबी १ फक्त या एका पीसीवर. बाकी सगळे माझ्या पीसीवरच्या शेअरला जोडतात, तिथे ‘मशीनकडे’ आणि ‘मशीनकडून’ अशी दोन फोल्डर, आणि टास्क शेड्युलर दर पाच मिनिटांनी रोबोकॉपी हा विंडोजचा कॉपी करणारा प्रोग्राम चालवतो. एक फोल्डर फक्त जायचं, एक फक्त यायचं. दोन्ही दिशांना एकच फोल्डर ठेवलंत तर जुना प्रोग्राम नव्यावर बसेल, आणि ते कळेपर्यंत दोन जॉब स्क्रॅपमध्ये गेलेले असतील. माझा पीसी बंद म्हणजे सगळ्यांचा झेड बंद, म्हणून त्याला यूपीएस दिला.

रोबोकॉपीत स्लॅश एमआयआर आहे, आरसा. जिथून घ्यायचं तिथे जे नाही, ते जिथे ठेवायचं तिथूनही पुसतो. पहिल्याच दिवशी मी कुठून आणि कुठे यांची अदलाबदल केली, आणि रिकाम्या फोल्डरचा आरसा भरलेल्यावर धरला. तीन सेकंदांत फोल्डर स्वच्छ. ते चाचणीचं होतं म्हणून आज ही नोकरी आहे. तेव्हापासून कुठलीही नवी ओळ आधी स्लॅश एल लावून चालवते. त्याने काय कॉपी होणार, काय पुसणार याची नुसती यादी येते, करत काही नाही. यादी वाचायची, मग एल काढायचा.

जानेवारीत ‘मशीनकडून’ फोल्डरमध्ये त्याच नावाने बदललेल्या फाइल येणंच थांबलं. केबल ठीक, भाषा ठीक, पासवर्ड ठीक. टॉवरची तारीख बघितली तर २००३ साल. आतला सेल मेला होता. मी रोबोकॉपीला स्लॅश एक्सओ लावून, इकडे आधीच असलेल्या त्याच नावाच्या फाइलपेक्षा जुन्या तारखेच्या फाइल वगळायला सांगितलं होतं, आणि टॉवर बिचारा प्रत्येक ताज्या फाइलवर वीस-बावीस वर्षांपूर्वीची तारीख घालत होता. सीआर २०३२ चा सेल पाथर्डी फाट्यावरच्या घड्याळवाल्याकडे मिळाला. डोंगलला धक्का न लावता तो बदलायला फिटर दादांना पाऊण तास लागला.